कणगीतली गुंजी

देवकाक्काचे हात तिच्या बाकीच्या अंगाला शोभत नसत. अंगानं ती चांगली थोराड, खांदे गड्यासारखे, आवाज तर पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला इथूनच ख्यालीखुशाली विचारावी असा. हात मात्र शाळकरी मुलीचे. त्या लहान हातांचा तिला फार अभिमान होता. ती सुईण होती. जोयडा तालुक्यातल्या गुंदच्या आसपासच्या वाड्यांतून आज जे बाप्ये मिशांवर हात फिरवत हिंडतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना जगात पहिल्यांदा त्याच हातांनी धरलं होतं, आणि त्याची आठवण ती त्यांना चारचौघांत करून द्यायची.

"मिशा काय दावतोस मला? पायाळू आलास तू. तुला फिरवून घेताना तुझ्या आईपरास मी जास्त वरडले. व्हय की न्हाई?"

हे "व्हय की न्हाई" ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी लावी. उत्तरासाठी मात्र कधी थांबत नसे.

या श्रावणात ती गेली. ताप अंगावर काढला, मलाही कळू दिला नाही, आणि आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून तिच्याबद्दल लिहावं असं मनात आहे, पण दोन ओळी लिहिल्या की मी उठून अंगणात जातो.

मी पंचायतीचं वाचनालय सांभाळतो. मूळचा खानापूरकडचा. इथं नेमणूक झाली तेव्हा तिच्या घराची पुढची खोली मला राहायला मिळाली. घरात ती एकटीच. नवरा फार पूर्वी वारलेला, एकुलती मुलगी गोव्यात दिलेली. पहिल्या दिवसापासून तिनं मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. ज्याच्या ताब्यात पुस्तकं तो मास्तर, असं तिचं साधं मत. दुपारी कधी वाचनालयात येऊन पंख्याखाली बसायची. तिला वाचता येत नव्हतं, पण आलेल्या मुलींना पुस्तक निवडून द्यायला ती कचरत नसे. एखादं हातात तोलून बघायची आणि सांगायची, "हे घे. जड हाय, पावसाळाभर पुरल."

गरोदर बाईची ती तब्येत विचारत नसे. तिला पुढं चालायला लावून आपण मागून बघत राही. मग सांगे, "अजून येळ हाय, भांडी घास जा," किंवा "आता घर सोडू नको." आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात, तरी दवाखान्यात जाण्याआधी बायका तिच्यासमोरून एक फेरी मारून जात. बाईच्या पोटातलं आपल्याला कळत नाही असं काही जगात असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

गुंजी तिला रस्त्याच्या कडेला सापडली. इकडं प्रत्येक घराला कुत्रा लागतो. शेतं जंगलाला चिकटलेली, भात पोटरीला आलं की रानडुकरं आणि गवे उतरतात. पण पाळायचा तो नर. मादी पिल्लं पोत्यात घालून लांब सोडून यायची, हा इथला सरळ व्यवहार. देवकाक्कानं ते लालसर, काळ्या तोंडाचं पिल्लू पदरात घालून आणलं. तिचा दीर गोमाण्णा, म्हणजे आमच्या वाडीचा बुधवंत, चार घरांच्या वतीनं बोलणारा मानकरी, वाटेतच आडवा आला.

"मादी आणलीस वैनी? वाडीला ताप करणार तू."

"मादी म्हणून टाकून द्यायची झाली तर मला कवाच टाकायला पायजे होती, भावोजी. व्हय की न्हाई?"

गुंजी मोठी झाली आणि सगळ्या वाडीच्या नरांना मागं सारील अशी राखणदार निघाली. डुकराला एक भुंकणं, गव्याला दुसरं. देवकाक्का घरात बसून ओळखायची. डुक्कर असलं तर बांबू घेऊन धावायची, गवा असला तर म्हणायची, "त्येला भुंकू दे, आपण जेवू." एकट्या बाईचं जंगलाच्या तोंडावरचं शेत त्या कुत्रीच्या जिवावर उभं होतं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एका दिवाळीच्या सुमाराला गुंजी पहिल्यांदा माजावर आली. अंगणात रक्ताचे ठिपके दिसले तशी देवकाक्कानं पदर खोचला आणि जे आयुष्यभर केलं तेच केलं. मुलगी पहिल्यांदा बाहेरची झाली की तिला जसं बाजूला बसवतात, तसं गुंजीला गोठ्याच्या कोपऱ्यात बसवलं. वेगळं पोतं, वेगळी थाळी. चार दिवस कुणी शिवायचं नाही. गुळाचं काहीतरी गोडधोडही तिनं केलं होतं, मलाही दिलं. पाचव्या दिवशी पाणी तापवलं, हळद लावली, डोक्यावरून आंघोळ घातली आणि दोरी सोडली.

"झाली माझी पोर शुद्ध," ती म्हणाली. "जा, हिंड."

गुंजी हिंडली. दुसऱ्याच दिवशी वाडीत कुठकुठले कुत्रे जमले. अणशीच्या रस्त्याकडून आले, बाजारकुणंगकडून आले. ओढ्यावर भांडणं, भातखळ्यावर भांडणं. आणि जिथं कुत्र्यांचा एवढा गोंगाट, तिथं त्यांच्या मागावर बिबट्या येणारच. त्यानं दोन कुत्रे उचलले, मग चटक लागली तसा गोमाण्णाच्या गोठ्यातलं वासरू नेलं. थंडीत गुंजी व्याली. बिबट्या परत आला. तिच्या पिल्लांतलं एकही शिमग्यापर्यंत राहिलं नाही. देवकाक्का दाराशी बसून असायची, पण घर मागच्या बाजूनं उघडं, कुठवर राखणार? शेवटचं पिल्लू गेलं त्या सकाळी गुंजी रिकाम्या पोत्याभोवती फिरत होती आणि देवकाक्का तिच्या अंगावरून हात फिरवत होती.

देवळापाशी बैठक झाली. गोमाण्णा वाईट माणूस नाही. त्याचं वासरू गेलं होतं, आणि लोकांच्या घरात लहान मुलं होती. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "ही कुत्री आता आणखी एकदा माजावर येऊन गावची कुत्री जमली, की गणेशगुडीच्या पल्याड नेऊन सोडायची. मग वैनी, तू रडायचं न्हाईस."

"मी कवा रडले?" एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं, "मास्तर, बायकांची पिशवी काढत्यात तशी कुत्रीची काढत्यात काय?" मी म्हटलं, काढतात. "मग काढू या की. बघू कुत्री कशी जमत्यात." शेताची कामं निघाली, आज जाऊ उद्या जाऊ करता करता उन्हाळा सरला, आणि मृगाच्या तोंडावर अंगणात पुन्हा लाल ठिपके दिसले.

देवकाक्कानं क्षणाचाही वेळ घालवला नाही. गुंजीच्या गळ्यात दोरी बांधली, मला वाचनालयातून उठवलं आणि जोयड्याची बस पकडली.

"आज्जी, बसमधी कुत्रं चालत न्हाई," कंडक्टर म्हणाला.

"मग तू उतर," देवकाक्का म्हणाली आणि गुंजीला पायाशी घेऊन पुढच्या बाकावर बसली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. वयानं तरुण, बेळगावकडच्या. त्यांनी गुंजीला नीट तपासलं आणि मान हलवली.

"आज करता येत न्हाई बघा, आज्जी. माजावर हाय ही."

"म्हणून तर आणली. तेच बंद करायचं हाय."

"आत्ता पिशवीला रक्त लई चढलेलं असतंय. शिरा फुगलेल्या, सगळं नाजूक. कापलं तर रक्त थांबवायला जड जातंय. हे सरू दे, अंग शांत होऊ दे. दोन-तीन म्हैन्यानं आणा. फुडचा माज यायच्या आत."

"आणि तवर?"

"तवर नराजवळ जाऊ द्यायची न्हाई."

देवकाक्काचा चेहरा उजळला. हे तर तिच्या हातचं काम. "एवढंच न्हवं? चार दिवस बाजूला बसवते, पाचव्या दिवशी डोक्यावरनं पाणी घालते. झालं."

डॉक्टरीणबाई हात धूत होत्या, त्या थांबल्या. "मागच्या खेपेला असंच केलंसा काय?"

"आणि कसं करत्यात?"

"आज्जी, कुत्रीचं बाईसारखं नसतंय. उलटं असतंय. लाल जायाचं कमी होऊन पाण्यागत जायला लागलं, की मगच ती नराला जवळ येऊ देती. खरा धोका तिथनं फुडं."

देवकाक्का आपल्या त्या लहानशा हातांकडं बघत राहिली. बाकावर एकजण शेळी घेऊन बसला होता, तोही वळून बघायला लागला. आता ही भांडणार, असं मला वाटलं. बेळगावची पोर मला शिकवते, असं काहीतरी म्हणणार.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "मीच की गे तिला हळद लावून, न्हाऊ घालून, नवरी करून मांडवात सोडली!"

आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. डॉक्टरीणबाई हसल्या, शेळीवाला हसला. परतीच्या बसमध्ये मात्र ती खिडकीबाहेर बघत होती. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "मास्तर, इतकी वर्सं पोटांवर हात ठेवला. मला वाटलं, समदी पोटं सारखीच." थोड्या वेळानं गुंजीच्या डोक्यावर थाप मारून म्हणाली, "त्या पिल्लांचं पाप माझ्याकडं. पण आता राखते कशी, बघा."

आता राखायची कुठं? गोठा उघडा. माझ्या खोलीच्या दाराला धड कडी नाही. देवकाक्काच्या माजघरात भाताची कणगी होती, बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, माणसाच्या छातीपर्यंत उंच. मृगापर्यंत वर्षाचं भात सरत आलेलं असतं. तळाला उरलेलं तिनं पोत्यात भरलं, कणगीत जुनं घोंगडं टाकलं आणि गुंजीला उचलून आत ठेवली.

वाडीत हलकल्लोळ झाला. कणगी म्हणजे लक्ष्मीची जागा. नवं भात भरताना तिला हळदकुंकू लावतात, चप्पल घालून तिच्याजवळ जात नाहीत. गोमाण्णा दाराबाहेरूनच ओरडला, "कणगीत कुत्री? आणि ती पण असली? वैनी, डोकं फिरलं काय तुझं?"

"ह्या कणगीत भात कुणामुळं पडतंय, भावोजी? डुकरं कोण हाकतंय, तू? जी भात राखती, ती भाताच्या जागेत बसली. लक्ष्मीचं आणि माझं मी बघून घेते."

त्यानंतर कुत्रे आले. अंगणात लग्नाच्या पाहुण्यांसारखे बसून राहिले. एकानं भिंतीखाली खणायला सुरुवात केली, त्याला तिनं पाण्यानं भिजवून घालवला. गुंजीला बाहेर काढायची ती फक्त दोरीला बांधून, आणि दुसऱ्या हातात बांबू घेऊन. ती बसलेली जागा शेणपाण्यानं सारवून टाकायची. स्वयंपाकही तिनं कणगीच्या बुडाशी शेगडी आणून केला. आतून गुंजी रडायची आणि बाहेरून ही तिला दम द्यायची, "गप. मला पण कोंडली होती, मी काय मेले?"

पण तिचा खरा पराक्रम वेगळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती दोऱ्यांचं एक भेंडोळं खांद्यावर टाकून वाडीत निघाली. इकडं नर बांधायची पद्धतच नव्हती. देवकाक्का घरोघर गेली.

"माज माझ्या कुत्रीला, तर दोरी माझ्याच कुत्रीला का? धर. तुझा बांध."

"आज्जी, आमचा काय ऐकणार?"

"तू ऐकला न्हाईस, पायाळू आलास. तरी आणलाच की तुला भाईर. बांध."

गोमाण्णाच्या दारात तिनं वाट पाहिली नाही. त्याचा भला मोठा कुत्रा तिनं स्वतः खांबाला बांधला. गोमाण्णा ओसरीवर बसून बघत होता. काय वाटलं त्याला कोण जाणे, पण सोडला नाही त्यानं. दोन दिवसांत वाडीतले बहुतेक नर दोरीला होते. घरचे कुत्रे नाहीत, गोंगाट नाही, तसे बाहेरचेही हळूहळू पांगले. आणि त्या पावसाळ्यात बिबट्या आमच्या वाडीत फिरकला नाही.

कुत्रे गेले तरी देवकाक्कानं गुंजीला लगेच सोडली नाही. अंग पूर्वीसारखं झालं, सूज उतरली, मग आणखी काही दिवस थांबली, आणि मगच दोरी काढली. त्या दिवशी कणगी पुन्हा सारवली, उदबत्ती लावली.

नंतर एक घोळ झाला. भाताची लावणी आटोपल्यावर गुंजीच्या सडांत दूध उतरलं. ती माझी एक चप्पल उचलून गोठ्यात नेऊ लागली, तिला चाटू लागली, कुणी जवळ गेलं की गुरगुरू लागली. वाडीत कुजबुज सुरू झाली, गाभण राहिली म्हणून. गोमाण्णा म्हणाला, "झालं? कणगी पण बाटली आणि कुत्री पण."

देवकाक्कानं गुंजीच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले. "रिकामं हाय," ती म्हणाली. पण आधीची देवकाक्का इथं थांबली असती. ही थांबली नाही. "मला वाटतंय रिकामं हाय," तिनं दुरुस्ती केली. "पण आता मी एकटीच्या सांगण्यावर न्हाई जायाची." आणि भर पावसात पुन्हा जोयड्याला गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रिकामंच होतं. माज सरल्यावर कुत्रीला कधीकधी असं खोटं बाळंतपण येतं, त्या म्हणाल्या. चप्पल दिसू देऊ नका, आंचळांना हात लावू नका, दूध आटू दे, मग आणा. आत्ताही कापायचं नाही.

"आणि थांबायचं?" मी वैतागून विचारलं. माझी चप्पल गेली होती.

"थांबायचं," देवकाक्काच म्हणाली. "पोट आपल्या घाईनं चालत न्हाई, मास्तर. व्हय की न्हाई?" आणि त्या एका वेळी ती खरंच उत्तराची वाट बघत डॉक्टरीणबाईंकडं पाहत होती. त्या म्हणाल्या, "व्हय, आज्जी."

चतुर्थी झाली, गणपती बोळवले. दूध आटलं होतं, चप्पल विसरली गेली होती, भात अजून हिरवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं त्या दिवशी देवकाक्कानं गुंजीला सकाळपासून उपाशी ठेवली आणि स्वतःही काही खाल्लं नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली, हात मांडीवर, तळवे वर. दार उघडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढंसं सुद्धा जास्त रक्त गेलं न्हाई, आज्जी. येळेवर आणलीसा." तेव्हा तिनं पहिल्यांदा चहा मागितला. दोन कप प्यायली.

जखम चाटू नये म्हणून गुंजीच्या गळ्यात काहीतरी घालायचं होतं. देवकाक्कानं पोफळीच्या पानाचा तो रुंद, चामड्यासारखा देठ घेतला, ज्याच्या इकडं पावसात टोप्या करतात. तो वळून, शिवून मानेभोवती बसवला. मानेत उलटी टोपी घालून गुंजी वाडीतून चालली तेव्हा पोरंच काय, म्हातारेही बघायला बाहेर आले. देवकाक्का दोरी धरून पुढं. नवस फेडून आल्यासारखी.

भात पिवळं पडलं तोवर गुंजी शेताच्या बांधावर उभी होती. त्या वर्षी देवकाक्काच्या शेतात डुकरानं एक लोंबी मोडली नाही.

मग पुन्हा ते दिवस आले, मागच्या वर्षी ज्या दिवसांत कुत्रे जमले होते. वाडी बघत होती. देवकाक्काही वरवर भात वाळवत होती, पण तिचा कान रस्त्याकडं. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं. अंगणात गुंजी एकटीच उन्हात पसरलेली. एका सकाळी गोमाण्णा आला. बराच वेळ विड्याचं पान चावत उभा राहिला.

"पावणे आले न्हाईत गे यंदा."

"आमंत्रण न्हवतं," देवकाक्का म्हणाली.

गोमाण्णानं पान थुंकलं. "आमच्या धाकट्यानं एक पिल्लू आणलंय. मादी हाय. सोडून ये म्हटलं तर नातवंडं रडत्यात. तिचं… कवा करायचं असतंय?"

देवकाक्का हातातलं सूप खाली ठेवून उठली. मी खोलीत होतो, दारातून मला तिचा चेहरा दिसला. वाडीतलं अवघडात अवघड बाळंतपण सोडवूनही तो चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता.

"आधी तिला चालव," ती म्हणाली. "मागनं बघू दे."

त्यानंतर तिच्या सुईणपणाला नवी पंचक्रोशी मिळाली. बाजारात, देवळात, लग्नात लोक तिला बाजूला घेऊन विचारत. ती ओरडून उत्तर देई, "लाल कवा दिसलं? थांबून किती झालं? दूध हाय? मग अजून न्हाई. नर बांध, आणि थांब." कुणी घाई केली तर त्याला सुनावे. शेवटचा शब्द मात्र नेहमी एकच, "मी बघितलंय, पण डॉक्टरीण बघू दे." आमच्या वाडीतून मादी पिल्लू पोत्यात घालून नेलेलं मी आता कित्येक दिवसांत पाहिलेलं नाही. गुंजी माझ्या दारात झोपते आणि देवकाक्काचं शेत राखते. आता ते शेत गोमाण्णाची मुलं करतात.

ती मला आठवते ती यंदाच्या वैशाखातली, वाचनालयाच्या दारातून पाहिलेली. डॉक्टरीणबाईंनी एक दिवस ठरवून दिला होता आणि देवकाक्कानं गुंदच्या नाक्यावर टेम्पो उभा केला होता. मागं तीन-चार वाड्यांतली माणसं आपापल्या कुत्र्या मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसलेली. त्यांत गोमाण्णाही होता, लाल-पांढरी कुत्री छातीशी धरून, अवघडलेला. देवकाक्का लग्नाला नेसायचं हिरवं लुगडं नेसून ड्रायव्हरशेजारी. इतक्यात एक बाई कुत्री ओढत धावत आली. देवकाक्का खाली उतरली, वाकली, शेपटी बाजूला करून पाहिलं.

"आज न्हाई ही. लाल हाय अजून."

"एवढ्या लांबनं आणली आक्का!"

"मी पण आणली होती. परत नेली. रडू नको, न्हेऊन कोंड, भात हिरवं असताना घेऊन ये. मी थांबते तुझ्यासाठी."

ती पुन्हा वर चढली आणि दारावर बाहेरून थाप मारली. टेम्पो हलला तशा मागच्या सगळ्या कुत्र्या एकदम भुंकायला लागल्या, धरणारे ओरडायला लागले, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. त्या सगळ्यांच्या वर तिचा आवाज होता. एकाला डोकं धर म्हणून सांगत होता, दुसऱ्याला तोंड मिट म्हणून. टेम्पो जोयड्याच्या वळणाआड गेला, धूळ बसली, तरी तो आवाज झाडांतून ऐकू येत होता.